आडनावांचा जमाखर्च

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते नावाचे गाव लागते. किल्ल्याकडे निघालेला प्रवासी तेथे फार काळ रेंगाळत नाही. परंतु याच गावी जानेवारी १८९६ मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. १९१८ मध्ये ते आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० ते १९५६ या काळात स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री राहिले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून गेले. मध्ययुगीन महाराष्ट्रात देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य वतनदार. गावोगावचा सारा वसूल होतो की नाही हे पाहणे आणि तो सरकारात पोचविणे हे त्याचे काम. या पदातील ‘देश’ म्हणजे केवळ परगणा. पण नाते गावच्या या देशमुखांच्या हाती संपूर्ण देशाच्या जमाखर्चाची वही आली आणि आडनाव आपल्या मूळ अर्थालाही ओलांडून खरे ठरले.

महाड तालुक्यातीलच बिरवाडी हे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांचे जन्मगाव. पोतदाराचे जुने काम नाणे पारखण्याचे. वसुलात आलेला रुपया खरा की खोटा, त्यात चांदी किती आणि हीण किती, हे तो सांगे आणि मगच तो खजिन्यात जाई. दत्तो वामनांनी आयुष्यभर रुपये पारखले नाहीत. त्यांनी जुने कागद पारखले. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कार्यात आयुष्य घालविलेल्या या विद्वानाला आडनाव शोधून द्यावयाचे असते, तर ‘पोतदार’ याहून अधिक समर्पक आडनाव सापडणे कठीण होते.

अशा योगायोगांचे मराठी माणसाला मोठे कौतुक आहे. वैद्य आडनावाचे डॉक्टर, पंचांग पाहणारे जोशी, दफ्तर सांभाळणारे दफ्तरदार यांची उदाहरणे शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीतल्या चहाच्या वेळी हटकून निघतात. हे कौतुक केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडचे सरन्यायाधीशपद २००८ ते २०१३ या काळात ज्यांनी भूषविले त्यांचे आडनावच ‘जज’ असे होते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९५२ मध्ये योगायोगांविषयी लिहिताना फ्रॉइड म्हणजे आनंद, अ‍ॅडलर म्हणजे गरुड आणि युंग म्हणजे तरुण या जर्मन अर्थांकडे लक्ष वेधले होते. सुखाच्या प्रेरणेवर, सत्तेच्या आकांक्षेवर आणि पुनर्जन्माच्या कल्पनेवर भर देणाऱ्या तीन विचारवंतांना नेमकी हीच नावे मिळावीत याचे त्यांना नवल वाटले. १९९४ मध्ये एका ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकातून या प्रकाराला एक भारदस्त संज्ञाही मिळाली. मराठीत तिला ‘नामनियतिवाद’ म्हणता येईल.

नाव माणसाचा व्यवसाय घडविते काय, हा प्रश्न पुढे संशोधकांनीही हाती घेतला. २००२ मध्ये अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी असा दावा केला की, माणसाला स्वतःच्या नावाची अक्षरे नकळत प्रिय असतात आणि म्हणून ‘डेनिस’ नावाची माणसे प्रमाणाबाहेर ‘डेंटिस्ट’ होतात. २०११ मध्ये उरी सायमनसन यांनी या दाव्याची कसून तपासणी केली आणि त्यातील बराचसा भाग इतर कारणांनी उलगडतो असे दाखविले. एखादे नाव ज्या पिढीत लोकप्रिय असते, त्या पिढीतील माणसे जेथे जेथे अधिक, तेथे तेथे ते नावही अधिक आढळणार. त्यासाठी अक्षरांच्या प्रेमाची गरज नाही.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी याच्या जोडीला आणखी एक साधी गोष्ट सांगेल. समजा, शंभर वैद्यांपैकी तिघे डॉक्टर झाले. ते तिघे सर्वांच्या तोंडी होतात. उरलेले सत्त्याण्णव वैद्य कारकुनी करतात, दुकान चालवितात, शेती पाहतात आणि त्यांच्या आडनावाची दखल कोणीच घेत नाही. जुळलेले लक्षात राहते, न जुळलेले विसरले जाते. ज्या हिशेबात केवळ जमेची बाजू मांडली जाते आणि खर्चाची बाजू कोरी ठेवली जाते, तो हिशेब कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

महाराष्ट्रापुरता विचार करता मात्र या प्रश्नाची मांडणीच उलटी करावी लागते. आपल्याकडे आडनावाने व्यवसाय घडविला नाही. व्यवसायाने आडनाव घडविले. त्याचे सर्वांत मोठे दफ्तर महाड तालुक्यातच, रायगडावर, उघडले गेले होते. १६७४ मध्ये शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा फारसी पदनामांना संस्कृत रूपे देण्यात आली. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार हा अमात्य झाला, सुरनीस हा सचिव, वाकनीस हा मंत्री, डबीर हा सुमंत आणि सरनोबत हा सेनापती झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेण्यात आला. गंमत अशी की, राजाज्ञेने पदांची नावे बदलली, पण घराण्यांना चिकटलेली जुनी नावे पुसली गेली नाहीत. मुजुमदार, वाकनीस, डबीर, सरनोबत ही आडनावे आजही महाराष्ट्रात नांदत आहेत. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, टिपणीस यांच्या शेवटी असलेला ‘नीस’ म्हणजे फारसीतील ‘नवीस’, अर्थात लिहिणारा. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे; परंतु पद इतके मोठे झाले की घराणे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १७९६ मध्ये ज्यांनी महाडचा आश्रय घेतला आणि तेथूनच निजामाशी तह जुळविला, त्या नाना फडणविसांचे मूळ आडनाव भानू होते, हे आज किती जणांना आठवते?

पद आडनाव का झाले, याचे उत्तर भाषेत नसून अर्थव्यवस्थेत आहे. पद हे वतन होते आणि वतन ही मिळकत होती. बापाचे वतन मुलाकडे जाई, भावाभावांत त्याची वाटणी होई, प्रसंगी ते विकले वा गहाण टाकले जाई. अशा मिळकतीवर आपला हक्क आहे हे दाखविण्याचा सोपा मार्ग म्हणजे ते पद नावापुढे लावणे. आजच्या भाषेत बोलायचे तर आडनाव हा मालकीचा दाखला होता. पुढे इंग्रजी अमलात जमीनमोजणीची बुके, शाळांतील हजेरीपट आणि पलटणींतील नोंदी सुरू झाल्या. तोवर सैलसर असलेले आडनाव कागदावर कायमचे घट्ट झाले.

कागदावरचे नाव टिकले; त्यामागचे वतन मात्र गेले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये खोती नष्ट करण्याचा कायदा केला. १९५० मध्ये परगणा वतने व कुलकर्णी वतने रद्द झाली. १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने संपुष्टात आली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्राने मुलकी पाटलाचे पदही मोडीत काढले. खोत राहिले, खोती गेली. कुलकर्णी राहिले, गावचे दप्तर तलाठ्याकडे गेले. यातील एक जुळणी तर विचार करायला लावणारी आहे. परगण्याची वतने ज्या वर्षी मुंबई राज्याने रद्द केली, त्याच १९५० साली चिंतामणराव देशमुख दिल्लीत अर्थमंत्री झाले. वंशपरंपरेचा देशमुख कायद्याने नाहीसा झाला आणि परीक्षा देऊन पुढे आलेल्या देशमुखांच्या हाती देशाची तिजोरी आली. दोहोंचे आडनाव एक. पण पहिल्याला पद जन्माने मिळे, दुसऱ्याने ते कर्तृत्वाने मिळविले. आडनाव जुळण्याचे कौतुक करताना आपण यांपैकी कशाचे कौतुक करीत असतो, हे एकदा स्वतःशी ठरविले पाहिजे.

महाड-पोलादपूरचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. तो जुळणीची जेवढी उदाहरणे देतो, तेवढीच न जुळण्याचीही देतो. देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब लिहिणारा. जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी असलेले आणि १६५६ नंतर शिवाजीमहाराजांना येऊन मिळालेले मुरारबाजी देशपांडे १६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाशी लढता लढता पडले. आडनावात लेखणी होती, हातात तलवार. शिवचरित्रावर संस्कृत काव्य रचणारे कवींद्र परमानंद हे नेवासकर. त्यांची समाधी मात्र पोलादपुरात आहे. ज्या उमरठचे नाव तानाजी मालुसरे यांच्यामुळे घराघरांत पोचले, त्या पोलादपूर तालुक्यातील पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत साच्यांवर उभ्या राहिल्या आणि १९८२ च्या संपानंतर त्यांना तेही काम सोडावे लागले. गड चढण्याच्या पराक्रमाशी जोडली गेलेली आडनावे गिरणीच्या हजेरीपटावर तिकीट नंबर होऊन राहिली.

गावावरून पडलेल्या आडनावांतही अर्थशास्त्राचा एक धडा दडलेला आहे. महाडात राहणाऱ्याला कोणी महाडकर म्हणत नाही, कारण तेथे सर्वच महाडचे. माणूस महाड सोडून दुसऱ्या गावी जाऊन राहतो, तेव्हा तो महाडकर होतो. म्हणजे ‘कर’ या प्रत्ययाची आडनावे माणसाच्या वास्तव्याची नसून त्याच्या स्थलांतराची नोंद आहेत. पोट भरण्यासाठी घाट चढून वर गेलेल्या किंवा बोटीने मुंबईला गेलेल्या कोकणी माणसाच्या मागे त्याचे गाव आडनावाच्या रूपाने चालत गेले. असे आडनाव व्यवसाय सांगत नाही. गावात पुरेसा व्यवसाय नव्हता, एवढेच ते सांगते.

येथवरचा हिशेब रंजक आहे. आता त्याची दुसरी बाजू पाहणे भाग आहे, आणि त्यासाठी महाडसारखे दुसरे गाव नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गाला मोकळेपणाने करू द्यावा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविणारे आणि या चळवळीच्या पाठीशी उभे राहणारे गृहस्थ होते सुरेंद्रनाथ टिपणीस. बोले यांनी बोलून दाखविले आणि टिपणिसांच्या नगरीने टिपून ठेवले. आडनावे जुळली खरी. परंतु तळ्याचे पाणी तहानलेल्याच्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावे लागले. त्या दिवशी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, पुढे तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. न्यायालयाचा अंतिम निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास मार्च १९३७ उजाडावा लागला. ज्या तळ्याचे नावच चवदार, त्याची चव कोणी घ्यावी हे माणसाच्या जन्मावरून ठरत होते. नाव आणि वस्तुस्थिती यांतील इतकी क्रूर विसंगती क्वचितच आढळेल.

या लढ्याच्या तयारीत ज्यांचा मोठा वाटा होता ते रामचंद्र बाबाजी मोरे महाडजवळच्या लाडवलीचे. जावळीचे चंद्रराव मोरे आणि लाडवलीचे कॉम्रेड मोरे यांचे आडनाव एकच. एका घराण्याकडे डोंगरदऱ्यांचे राज्य होते. दुसऱ्याला गावच्या तळ्याला स्पर्श करण्याची मनाई होती. मोरे, जाधव, पवार, साळवे, कदम अशी कितीतरी आडनावे महाराष्ट्रात अनेक जातींत सारखीच आढळतात. त्यामुळे आडनावावरून माणूस ओळखल्याचा दावा करणारा बहुधा चुकतो. आणि तो चुकतो म्हणूनच थांबत नाही, तो पुढे विचारतो, “मोरे म्हणजे कुठले मोरे?” हा प्रश्न वरवर गावाचा असतो. विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारला जातो त्याला, दोघांनाही, तो कशाचा आहे हे पक्के ठाऊक असते.

आडनाव जुळल्याचे कौतुकही सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. वैद्य डॉक्टर झाले की वारसा चालविला असे म्हणतात. कुंभार डॉक्टर झाला की आश्चर्य व्यक्त होते. आणि तो डॉक्टर झाला नाही, तर त्याने चाकच फिरवावे असे ठरलेलेच असते. लेखणीच्या आडनावाला जी जुळणी भूषण वाटते, तीच जुळणी हत्याराच्या आडनावाला बेडी ठरते. आणि ज्यांच्या वाट्याला गावकीची हलकी मानलेली कामे वतन म्हणून आली, त्यांच्या बाबतीत तर ती शिक्षाच होती. म्हणूनच महाराष्ट्रात अनेकांनी राजपत्रात रीतसर जाहिरात देऊन आडनावे बदलून घेतली. त्यांना कोणी पूर्वज विसरल्याचा दोष देऊ नये. जे घर राहण्यास योग्य नव्हते ते त्यांनी सोडले, इतकेच.

ही भीती काल्पनिक नाही. ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडमधील दुर्मीळ आडनावांचा शतकानुशतकांचा माग काढला. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांची आडनावे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पटांवर कित्येक शतके प्रमाणापेक्षा अधिक आढळत राहिली, असे त्याला दिसले. प्रतिष्ठा आडनावाबरोबर किती सावकाश झिजते, याचा हा पुरावा होय. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, केवळ आडनाव वेगळे असलेले अर्ज पाठवून एक प्रयोग केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश होता आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला तर सुमारे एक-तृतीयांशच. अर्जदार भेटला नव्हता, बोलला नव्हता. बोलले होते ते त्याचे आडनाव.

महाडची औद्योगिक वसाहत, मुंबई-पुण्याच्या कंपन्या, बँका आणि कचेऱ्या यांच्याकडे या दोन तालुक्यांतील तरुण दरवर्षी अर्ज करतात. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न चहाच्या वेळच्या गप्पांचा नाही, पोटापाण्याचा आहे. त्यावर उपाय काय, असे विचारले जाईल. तो फार दूर शोधण्याचे कारण नाही. आपल्या राज्यातील दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षक कितीही सज्जन असला तरी गुण देताना त्याला नाव दिसू नये, हे शिक्षणखात्याने फार पूर्वीच ओळखले आहे. शिक्षकाच्या बाबतीत जी दक्षता आवश्यक मानली, ती नोकरी देणाऱ्याच्या बाबतीत अनावश्यक कशी ठरते? अर्जांची पहिली चाळणी नावावाचून, केवळ क्रमांकावर करण्यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही. खासगी उद्योगांनी हे आपणहून करावे. न केल्यास शासनाने त्यासाठी नियम करावा.

येथे एक आक्षेप येईल. आडनाव झाकावयाचे, तर आरक्षणासाठी जातीची नोंद तरी का ठेवावयाची? या दोन गोष्टींत अंतर आहे. जातीचा दाखला ही उघड नोंद आहे; अन्यायाची भरपाई करण्यासाठी कायद्याने ती मागितली जाते आणि तिची पडताळणी होते. आडनावावरून बांधला जाणारा तर्क हा चोरटा व्यवहार आहे; त्याची पावती नसते, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. पहिल्याने दार उघडते, दुसऱ्याने ते आवाज न करता लोटले जाते.

आणि नियमांच्याही आधी एक काम शिक्षकांच्या व कारकुनांच्या हातचे आहे. जूनमध्ये वर्ग भरतात, नवा हजेरीपट उघडला जातो. खिडकीशी दाखला घेण्यासाठी मुले-मुली उभी राहतात. आडनाव ऐकल्यावर “म्हणजे कुठले?” हा प्रश्न त्या वेळी जिभेवर येतो, तो तेथेच थांबविता आला तरी पुष्कळ झाले. आडनावाने आपल्या पूर्वजांनी काय केले, किंवा त्यांच्याकडून काय करवून घेतले गेले, एवढे कळते. समोरचे मूल काय करील, याचा त्यात एक अक्षरही उल्लेख नसतो. तो भाग त्या मुलाने अजून लिहावयाचा आहे.